सत्तर मीटर

बदलीच्या ऑर्डरीवर पेडणे लिहिलं होतं
आणि हजर व्हायची तारीख.
नेम कुठे धरायचा, ते नव्हतं.

वीजखात्याचं क्वार्टर: दीड खोली, एक माड,
पलंगाखाली लांबट पेटी.
शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या, व्हायोलिन गो?
मी हो म्हटलं.
ताण तर दोन्हींना असतो.

मग सुटीच्या दिवशी तालुका पावलांनी मोजू लागले.
सत्तर मीटर म्हणजे माझी ब्याण्णव पावलं,
सरळ, सपाट,
आणि पलीकडे कुणाचंच काही नाही.
एवढंच मागणं.
पण इथे सरळ असं काही जात नाही.
रस्ता वळतो, कारण फणस आधीपासून होता.
कुंपण वळतं, कारण भाऊ वेगळे झाले.
नदीचं तर विचारूच नका.

मुख्याध्यापिका तुयेकर मैदानाला हो म्हणाल्या,
मग अर्ज मागितला, मग विमा,
मग म्हणाल्या, पोरांचा फुटबॉल कुठेही जातो,
तुमचा बाण कुठे जातो?
कुठेही जात नाही, मी म्हटलं,
तोच तर खेळ आहे.
त्या मनापासून हसल्या. परवानगी मिळाली नाही.

देवळामागे ऐसपैस जागा होती.
समितीचे तिघे बाकावर बसून म्हणाले,
देवाच्या दारात हत्यार नको.
आत देवाच्या हातात तलवार होती.
मी नमस्कार करून निघाले.

इनास भाटकाराने काजूची बाग उघडून दिली,
पण ती झाडं कुणी ओळीत लावलीच नव्हती,
वटवाघळांनी टाकली तिथे उगवलेली.
अठरा मीटर मिळाले. मग बुंधा.

आगरवाड्याच्या मिठागरात सपाटी होती,
वाराही होता, बांधावर माझीच वाट बघत.
मोपाच्या सड्यावर म्हणे मैलभर मोकळं असायचं.
मी पोचले तेव्हा कुंपण, दिवे, शिट्टीवाला पहारेकरी,
आणि डोक्यावरून
माझ्या कुठल्याही बाणापेक्षा सरळ
काहीतरी गेलं.

तेराव्या रविवारी, चांदेलच्या वाटेला,
एक बंद पडलेली चिरेखाण.
तांबडी, काटकोनी,
भिंतींवर करवतीच्या रेघा, वहीसारख्या.
अख्ख्या तालुक्यात सरळ रेघ फक्त इथे होती,
कारण इथून घरं कापून नेली होती.

राखणदार यमनूरप्पा काठावर जेवत होता.
हात धुऊन टेप धरायला खाली उतरला.
लांबी साठ. रुंदी छत्तीस.
मी मटकन चिऱ्यावर बसले. दहा मीटर.
या जगात माझ्यासाठी दहा मीटर नाहीत.
मग सातवीचा फळा आठवला,
खडूच्या धुळीत तिरकी एक रेघ.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप ओढत
यमनूरप्पा पुटपुटत होता,
बाईला मोजलेलंच पुन्हा मोजायचंय.
सत्तराला दोन बोटं कमी.
कर्ण.
सगळी दारं फिरून झाल्यावर
मागितलं ते त्यानेच दिलं.
दोन बोटांचं काय,
त्याच्याहीपाशी काही राहायला हवं.

गोणपाटात सोडणं ठासून भरली,
वर चुन्याचं वर्तुळ, जरासं अंडाकृती.
पहिला बाण चिऱ्यावर फुटला,
खाण तीनदा ओरडली, खंड्या उडाला.
दुसराही तसाच.
बाराशे रुपयांची काटकी हातात घेऊन
यमनूरप्पाने जिभेने च्च केलं.
चौथा गोणपाटात गेला.

लागला की आवाज कमी होतो, तो म्हणाला,
चिऱ्याचंही तसंच. फुटतो तो बोंबलतो.
नीट कापला जातो, तो नाही.
मग म्हणाला, जूनपासून इथे पाणी भरतं,
म्हशी पोहतात, तेव्हा काय करशील?
मला माहीत नव्हतं. मी पाचवा लावला.

काल सत्यभामाबाईंनी विचारलं,
कुठवर आलं गो वाजवणं? ऐकायला येत नाही.
आवाज कमी होत चाललाय, मी म्हटलं.
त्यांनी काळजीने मान हलवली,
म्हणाल्या, तारेला खोबरेल लावून बघ.